जुन्या होडीला नवी मोटर घेताय? या चुका टाळा

तापीच्या पाण्यावरच्या होड्या आणि त्यांच्या आउटबोर्ड मोटरी, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायच्या मोटरी, दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. सारंगखेडा आणि प्रकाशा येथील बॅरेज, वरच्या अंगाला हतनूर, खालच्या अंगाला उकाईचा फुगवटा आणि सातपुड्यापलीकडे सरदार सरोवराखाली गेलेले नर्मदेचे खोरे, या सगळ्या पाण्यांवरून मला फोन येतात आणि बहुतेक फोनांची सुरुवात एकाच वाक्याने होते, की नवी मोटर खराब निघाली. मी जाऊन पाहतो तेव्हा मोटर बहुधा चांगलीच असते, पण ती चुकीच्या उंचीवर, चुकीच्या पंख्यासह (प्रोपेलरसह) किंवा आतून कुजलेल्या फळीवर बसवलेली असते.

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस घोड्याचे दात पाहतो, खूर उचलून पाहतो, त्याला चार पावले चालवून पाहतो आणि मगच भाव विचारतो. तोच माणूस मोटर घेताना फक्त किती एचपी आणि केवढ्याला एवढे दोनच प्रश्न विचारून पैसे मोजतो, हे मला आजवर समजलेले नाही. जुन्या होडीच्या बाबतीत तपासणी मोटरीची नव्हे, होडीची करायची असते, कारण कोणती मोटर चालेल हे ती होडीच सांगते.

मागची फळी न तपासणे

ही चूक मी सर्वांत वर ठेवतो, कारण हिच्यामुळे माणसे पाण्यात जातात. ज्या मागच्या फळीला मोटर अडकवतात, ती फायबरच्या होडीत वरून एकसंध दिसत असली तरी तिच्या पोटात बहुधा प्लायवूड असते. जुन्या मोटरीचे बोल्ट ज्या भोकांतून गेलेले असतात, ती भोके कोणी नीट बंद केलेली नसतात आणि त्यांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपत राहते. बाहेरचे फायबर शाबूत असते, रंगही चांगला असतो, पण आतले लाकूड मात्र संपलेले असते.

काही वर्षांपूर्वी शहादा तालुक्यातल्या दोन चुलतभावांनी आपल्या अठरा फुटी फायबरच्या होडीसाठी १५ अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक मोटर आणली. आधीची मोटर ८ अश्वशक्तीची टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारी, होती आणि तिचे वजन तीस किलोच्या आतच होते, तर नवी मोटर पन्नास किलोच्या घरात होती. होडी दोन दिवस माझ्याकडे आणून ठेवा, असे मी त्यांना सांगितले होते. त्यावर थोरला म्हणाला, "काका, मोटर कोरी करकरीत आहे, तपासायचं काय?" त्यांनी मला थेट चाचणीच्या दिवशी बोलावले आणि मीही गेलो. फळीला नुकताच निळा रंग दिला होता. मी बोटांनी ठोकून पाहिले, आवाज मला बरा वाटला नाही, पण नारळ फुटला होता, घरची माणसे काठावर उभी होती आणि मी जेवढ्या ठामपणे थांबवायला हवे होते तेवढ्या ठामपणे थांबवले नाही. ती चूक माझी होती आणि आजही ती मला टोचते.

सारंगखेड्याच्या फुगवट्यात आम्ही मध्यावर गेलो तोवर सगळे ठीक होते. धाकट्याने वेगाची मूठ पूर्ण पिळली आणि थोड्याच वेळात तो ओरडला, "काका, फयी हाली राह्यनी!" मी वळून पाहिले, तर फळीची वरची कड मोटरीसह मागे ओढली जात होती आणि दोन्ही कोपऱ्यांत फायबर चिरत चालले होते. पंखा पाण्याखाली होडीला पुढे रेटतो, तेव्हा मोटरीचा खालचा भाग फळीला पुढे दाबतो आणि वरचा भाग तिला मागे खेचतो; हा सगळा पीळ त्या दीड इंच जाडीच्या फळीला सोसावा लागतो. धाकट्याने घाबरून मूठ एकदम सोडली. होडी थबकली आणि तिच्याच मागे आलेली लाट खचलेल्या फळीवरून आत शिरली. आम्ही जाळी पाण्यात टाकून दिली, मोटर दोराने पुढच्या बाकाला आवळली, एकाने डब्याने पाणी उपसले आणि दोघांनी वल्ही मारली. काठाला लागायला तासभर गेला. कोणाला इजा झाली नाही, पण नंतर फळी उघडली तेव्हा आतले प्लायवूड ओल्या भुशासारखे मुठीत आले.

तेव्हापासून माझा नियम असा आहे, की जुनी मोटर काढून फळी उघडी केल्याशिवाय मी नव्या मोटरीबद्दल बोलतच नाही. लाकडी हातोडीने फळी वीत-वीतभर अंतरावर ठोकावी. चांगली फळी टणक वाजते आणि कुजलेली बद्द वाजते. बोल्टच्या भोकांत टोचा घालून पाहावा. शंका राहिली तर आतल्या बाजूने, खालच्या अंगाला, बारीक भोक पाडून निघणारा भुसा पाहावा. तो कोरडा आणि फिकट असेल तर ठीक, ओला आणि काळपट असेल तर फळी बदलावी. बदलताना आयएस ७१० चा शिक्का असलेले मरीन प्लायच वापरावे, फर्निचरचे साधे प्लाय अजिबात वापरू नये. बोल्टचे भोक आधी मोठे पाडून त्यात इपॉक्सी भरावी, ती कडक झाल्यावर तिच्या मधोमध बोल्टच्या मापाचे भोक पाडावे, म्हणजे पाण्याचा लाकडाशी संबंधच येत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांचे ऊन असे असते, की उघडी केलेली होडी तीन आठवड्यांत आतपर्यंत वाळते, म्हणून हे काम मी उन्हाळ्यातच करतो. ओल्या लाकडावर पुटी भरून आणि वर फायबरचा एक थर चढवून एका दिवसात होडी परत देणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडे धावणाऱ्यांची मला काळजी वाटते, कारण तसा थर कुजणे थांबवत नाही, फक्त झाकतो.

शाफ्टचे माप न घेणे

लहान मोटरींचा शाफ्ट, म्हणजे पंख्यापर्यंत खाली जाणारा पाय, प्रामुख्याने दोन लांबींत मिळतो: शॉर्ट शाफ्ट म्हणजे १५ इंच आणि लाँग शाफ्ट म्हणजे २० इंच. पत्रकात हीच मापे ३८१ आणि ५०८ मिलिमीटर अशी छापलेली असतात. फळीच्या वरच्या कडेच्या मध्यापासून सरळ खाली होडीच्या तळापर्यंतचे अंतर मोजले, की कोणती लांबी हवी ते कळते. पाच मिनिटांचे काम आहे, पण लोक जुन्या मोटरीचे बिल दाखवून तेवढ्याच लांबीची मोटर मागतात. जुन्या होडीची फळी कधीतरी कापलेली असते किंवा तिच्यावर वरून पट्टी चढवलेली असते, त्यामुळे जुने बिल होडीची आजची उंची सांगू शकत नाही.

पंख्याच्या वर एक आडवी चपटी पट्टी असते, तिला मेकॅनिक कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. ही पट्टी होडीच्या तळाशी समपातळीत किंवा फार तर इंचभर खाली हवी. उंच फळीवर शॉर्ट शाफ्ट बसवली, की पंखा पृष्ठभागालगत फिरतो, हवा ओढतो, मोटर किंचाळते आणि होडी मात्र जागची हलत नाही. लाट मोठी असेल तर थंड पाणी आत घेणारी जाळीही पाण्याबाहेर येते आणि मोटर तापते. उलट बुटक्या फळीवर लाँग शाफ्ट बसवली, की उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बुडालेल्या बाभळींच्या आणि सागाच्या खुंटांवर पहिला घाव तिच्याच पायावर बसतो. नर्मदेच्या फुगवट्यात, मणिबेली-चिमलखेडीच्या अंगाला, हा धोका फार आहे. अर्ध्या-एक इंचाचा फरक सागवानी पट्टीने भरून काढायला माझी हरकत नाही, पण पाच इंचांचा फरक लाकडी ठोकळ्यांनी भरणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचे काम मी हातात घेत नाही.

एचपीचा हव्यास

जाळी, बर्फ, मासळी आणि चार माणसे घेऊन चालणारी होडी पाणी कापत चालते, पाण्यावर उचलली जाऊन घसरत धावत नाही. अशा होडीच्या वेगाला तिच्या लांबीचीच मर्यादा असते. पाण्याला टेकलेल्या लांबीचे फुटांतले वर्गमूळ घेऊन त्याला १.३४ ने गुणले, की तो वेग नॉटमध्ये मिळतो. सोळा फुटांसाठी हे उत्तर ५.३६ नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटरांच्या किंचित आत येते. त्यापुढे ८ च्या जागी २५ अश्वशक्ती लावली तरी होडीचे नाक वर उठते, शेपूट खाली बसते आणि पेट्रोल जळते. वेग त्या मानाने वाढत नाही. भरलेल्या होडीच्या एका टनामागे चार-पाच अश्वशक्ती मी पुरेशी मानतो आणि वारा व प्रवाह यांसाठी वर थोडी ठेवतो. सुरुवातीच्या दिवसांतल्या तरुणांना हे पटत नाही, कारण त्यांनी समुद्रावरच्या होड्यांचे व्हिडिओ पाहिलेले असतात.

वजनाचा विचारही इथेच करावा. १५ अश्वशक्तीची टू-स्ट्रोक मोटर चाळीस किलोच्या आसपास भरते आणि फोर-स्ट्रोक ४५ ते ५० किलो. जुन्या होडीचे लाकूड किंवा तिच्यातला फोम पाणी पिऊन आधीच जड झालेला असतो, हेही त्यात धरावे लागते. मी खरेदीआधी एक चाचणी नेहमी करतो: कापसाच्या काट्यावर तोलून नव्या मोटरीइतके वजन पोत्यात भरतो, ते फळीपाशी ठेवतो, इंधनाची भरलेली टाकी मागे ठेवतो, मोटर चालवणाऱ्याला त्याच्या जागी बसवतो आणि होडी पाण्यात सोडून मागची कड पाण्यापासून किती वर राहते ते टेपने मोजतो. कड एक वितीपेक्षा खाली गेली, तर ती मोटर त्या होडीसाठी नाही. हा वितीचा अंदाज माझा स्वतःचा आहे, पण त्याने मला आजवर दगा दिलेला नाही.

फोर-स्ट्रोक की टू-स्ट्रोक, हा प्रश्न मला सतत विचारला जातो. तापीकाठची गावे याच नदीचे पाणी पितात, आणि टू-स्ट्रोकच्या धुराबरोबर न जळलेले तेल पाण्यात जाते, म्हणून फळी आणि होडी वजन पेलत असेल तर मी फोर-स्ट्रोकच सांगतो. पेलत नसेल, तर आधी होडी दुरुस्त करा असे सांगतो.

पेट्रोलकडे दुर्लक्ष

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच परवानगी दिलेली आढळते. म्हणून खरेदीपूर्वी ई-२० बद्दल विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी उत्तराचा वॉरंटीच्या वेळी उपयोग होत नाही. इथेनॉल हवेतली ओल ओढते आणि पाणी जास्त झाले, की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. नदीवर, अर्ध्या भरलेल्या टाकीत, पावसाळ्यात हे फार लवकर होते. जुनी टाकी, जुनी नळी आणि नळीतून पेट्रोल चढवणारा जुना हातपंप नव्या मोटरीला जोडू नये, पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा, आणि होडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधले पेट्रोल काढून टाकावे. मी टाकीत एका दिवसापुरतेच पेट्रोल ठेवतो.

टू-स्ट्रोकच्या तेलाबाबतही थोडक्यात सांगतो. मोटारसायकलचे टू-टी (2T) तेल चालत नाही. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेले, पाण्याने थंड होणाऱ्या मोटरीचेच तेल हवे. पेट्रोल-तेलाचे ५० ला १ हे प्रमाण म्हणजे लिटरला २० मिलिलिटर तेल. नवी मोटर रुळेपर्यंत अनेक मॉडेलांना दुप्पट तेल लागते, तेव्हा पुस्तिका वाचावी. तेल डोळ्यांच्या अंदाजाने ओतू नये.

मोटरीबरोबर आलेला पंखा आपल्या होडीला योग्यच असेल, असे धरून चालू नये. होडी पूर्ण भरून, मूठ पूर्ण उघडून, आरपीएम मीटर लावून पाहावे. पुस्तिकेतला पल्ला ५००० ते ६००० असेल आणि मोटर ४५०० वरच अडत असेल, तर पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढा पुढे सरकेल ते अंतर, कमी हवा. एक इंच पिच कमी केला, की साधारण २०० फेरे वाढतात.

पुराच्या गढूळ पाण्यात, मोटर थंड ठेवणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे चक्र, लवकर झिजतो. मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली, की मोटर तत्काळ बंद करावी. मोटर घेतानाच एक इम्पेलर, एक पंखा आणि पंख्याच्या अर्ध्या डझन शिअर पिना (पंखा अडकला की स्वतः तुटून मोटर वाचवणाऱ्या) बरोबर घ्याव्यात, कारण हे सामान जळगाव-धुळ्याच्या दुकानांत मला सहज मिळालेले नाही आणि एका पिनेसाठी सुरतेची गाडी पकडावी लागलेली आहे. बिलावर मोटरीचा क्रमांक लिहून घ्यावा. फळीला वेगळी कडी बसवून मोटर साखळीने बांधावी, क्लँपच्या भरवशावर सोडू नये. आणि पहिले दहा तास मोटर चालवून झाली, की पाना घेऊन फळीचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत, कारण नवे लाकूड दाबाखाली थोडे बसते आणि पहिल्या दिवशी घट्ट असलेला बोल्ट तोवर सैल झालेला असतो.