आयटीत ओळखी कशा होतात? नव्यानं येणाऱ्या मुलींसाठी

कोणत्या प्रोजेक्टचं बजेट कापलं जाणार, शेजारच्या टीममध्ये जागा निघतेय का, कोणत्या मॅनेजरच्या हाताखाली जाऊ नये, याच कामाचे दुसरी कंपनी किती देते, हे काही ऑफिसच्या मेलवर येत नाही. हिंजवडी असो की खराडी, ते गेटबाहेरच्या चहा-सिगारेटच्या टपरीवर बोललं जातं. तिथं मुली मोजक्याच असतात, आणि संध्याकाळी गप्पा रंगात येतात तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणी कंपनीची बस गाठायला निघालेल्या असतात. बायकांना ‘नेटवर्किंग’ जमत नाही असं कुणी म्हटलं की मला म्हणूनच राग येतो. बातमी जिथं फिरते तिथं आपण नसतो, म्हणून दुसरी जागा मुद्दाम तयार करावी लागते.

माझ्यापुरती ती जागा ओपन सोर्समध्ये मिळाली, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअर प्रकल्पांत. २००६ साली ‘गूगल समर ऑफ कोड’ या विद्यार्थ्यांना अशा प्रकल्पांत काम देणाऱ्या कार्यक्रमासाठी ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या प्रकल्पाकडे जवळजवळ दोनशे अर्ज आले आणि त्यात एकही बाई नव्हती. ग्नोमच्या मंडळींनी मग त्याच उन्हाळ्यात खास मुलींसाठी कार्यक्रम जाहीर केला, तर शंभरावर अर्ज आले! त्याच कार्यक्रमातून पुढे ‘आउटरीची’ उभी राहिली. आता ती फक्त बायकांपुरती नाही, या क्षेत्रात डावलल्या गेलेल्या सगळ्यांसाठी आहे. वर्षातून दोनदा, तीन महिन्यांची, घरबसल्या करायची इंटर्नशिप आणि ७,००० डॉलर मानधन.

मानधनाचा आकडा बघून सगळ्या अर्ज करतात, पण माझ्या मते खरी कमाई निवडीच्या आधीच्या महिन्यात आहे. त्या महिन्यात प्रकल्पात प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं. तुमचा पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, कुणीतरी ओळ न् ओळ वाचतं, खोट काढतं, तुम्ही दुरुस्त करून परत पाठवता. असं होत राहिलं की समोरच्याला तुमची काम करायची पद्धत कळते. माझी निवड झाली नव्हती. पण तेव्हा माझे पॅच तपासणारी बाई आजही नोकरी बदलायची वेळ आली की माझा रेझ्युमे वाचून देते, आणि निर्दयपणे वाचते.

अशा प्रकल्पात गेल्यावर “मी काही मदत करू का?” असं विचारू नका, त्याला उत्तर देणं अवघड असतं. एखादा छोटा इश्यू (नोंदवलेली चूक किंवा काम) उचला आणि लिहा, “हा मी घेते, अमुक फाइलमध्ये असा बदल करायचा विचार आहे, दिशा बरोबर आहे का?” प्रश्न शक्यतो सगळ्यांच्या चॅनेलवर विचारा. एकाला वेळ नसला तर दुसरं कुणी सांगतं, आणि खासगी मेसेजमधून सुरू होणारे नको ते प्रकार टळतात. तरीही कुणी त्रास दिलाच तर प्रकल्पाच्या आचारसंहितेत तक्रार कुणाकडे करायची ते लिहिलेलं असतं. ते पहिल्याच दिवशी वाचून ठेवा.

आता रेफरल, म्हणजे कंपनीत असलेल्यानं नोकरीसाठी तुमचं नाव सुचवणं. मला येणारे बहुतेक मेसेज असे असतात: “हाय मॅम, एनी ओपनिंग फॉर फ्रेशर? प्लीज रेफर.” खाली रेझ्युमे. यावर मी करणार काय? पोर्टलवर जॉब आयडी लागतो, आणि ‘या उमेदवाराला तुम्ही कसं ओळखता?’ असा एक रकाना असतो. त्यात खोटं लिहायची माझी तयारी नसते. याउलट जळगावच्या एका मुलीनं लिहिलं होतं: “मॅम, शनिवारच्या मीटअपला मी कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्टबद्दल विचारलं होतं. तुम्ही सांगितलेलं करून पाहिलं, कोड ठेवलाय त्या रेपोची लिंक देते. तुमच्याकडे या जॉब आयडीची जागा दिसली. काम बघून योग्य वाटलं तरच रेफर करा.” रकान्यात काय लिहायचं ते तिनंच माझ्या हातात दिलं होतं. आणि हो, रेफरल मागायचं असेल तर कंपनीच्या साइटवर आधी स्वतः अर्ज टाकू नका. पुष्कळ ठिकाणी मग रेफरल धरत नाहीत.

मीटअप, म्हणजे एकाच विषयात रस असणाऱ्यांच्या भेटी, त्याबद्दल थोडक्यात. ‘पायलेडीज’सारखे (पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरणाऱ्या बायकांचे) गट नवख्यांसाठी चांगले, २०११ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरुवात झाली आणि पुण्यातही गट निघाला. अर्धा तास आधी पोचा, कारण ज्या कंपनीत मीटअप असेल तिच्या गेटवर लॅपटॉपचा सीरियल नंबर रजिस्टरमध्ये लिहायची रांग लागते, आणि त्या रांगेतच पहिली ओळख होते. ‘ग्रेस हॉपर सेलिब्रेशन’सारखी तंत्रक्षेत्रातल्या बायकांची मोठी संमेलनं पहिल्या वर्षी स्वतःच्या खर्चानं नकोत. विद्यार्थिनींसाठी शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर जा, नाहीतर सेल्फीपलीकडे फारसं काही हाती लागत नाही.

गटावर फार विसंबूही नये. ‘विमेन हू कोड’ ही तंत्रक्षेत्रातल्या बायकांची, २०११ पासूनची, जगभर शाखा असलेली संस्था एप्रिल २०२४ मध्ये पैशाअभावी बंद झाली. संस्था गेली की तिच्या चॅनेलवरचे संपर्कही जातात. म्हणून मी एक साधी एक्सेल शीट ठेवते: नाव, कुठं भेटलो, काय बोललो, शेवटचा मेसेज कधी. काही मागायचं नसतानाही अधूनमधून लिहिते. हिशेबीपणा वाटेल, वाटू दे.

अशा जपलेल्या ओळखींचं मोल कळतं ते बाळंतपणाच्या रजेत. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, आणि आयटीत तेवढ्या काळात मॅनेजर, टीम, कधी अख्खा प्रोजेक्ट बदलतो. रजेवर जाण्याआधी टीममधल्या एकीला सांगून ठेवा की असं काही घडलं तर फोन कर. तुमचं त्या वर्षीचं रेटिंग कोण देणार हे मॅनेजरकडून मेलवर लिहून घ्या. आणि कंपनीतली नुकतीच रजेवरून परतलेली कुणी शोधून तिला विचारा, तिला खरंच काय रेटिंग मिळालं ते. एचआर सांगेल त्यापेक्षा जास्त ती सांगेल.