किडनीच्या आजारात म्हाताऱ्या कुत्र्याचं जेवण: आधी काय तयार ठेवावं

किडनीच्या आजारासाठी मिळणारं महागडं तयार खाणं मागवण्याआधी रिपोर्ट हातात हवेत: क्रिएटिनिन, फॉस्फरस, पोटॅशियम, रक्तदाब आणि लघवीतून जाणारं प्रोटीन. क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा) १.४ ते २.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ढोबळमानाने आजाराचा दुसरा टप्पा, त्यापुढे ५ पर्यंत तिसरा, नंतर चौथा. तुमचा कुत्रा कुठे बसतो ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, जेवणात किती बदल करायचा ते त्यावर ठरतं. सोसायटीच्या बागेत ‘चिकन बंद करा, नुसता भात द्या’ असं कुणीही सांगेल. तसं केलं की मांड्या आणि पाठीवरचं मांस झडायला लागतं. प्रोटीन बेताचं पण चांगलं हवं. कात्री लावायची ती फॉस्फरसला.

मग फ्रिज उघडा. कलेजी, हाडं, सुकट, चीज हे त्याच्या वाट्यातून बाद. अंड्याच्या पिवळ्या बलकात १०० ग्रॅममागे सुमारे ३९० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, पांढऱ्यात जेमतेम १५. तेव्हा उकडलेला पांढरा भाग त्याला, पिवळा तुम्ही खा. नाचणी-बाजरीपेक्षा इथे साधा पांढरा भात बरा. ‘अशक्त झालाय’ म्हणून शहाळ्याचं पाणी पाजू नका, त्यात पोटॅशियम भरपूर. द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण त्याच्या तोंडाजवळही नकोत. घरीच शिजवणार असाल तर पाककृती डॉक्टरांकडून आखून घ्या. नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम पुरत नाही.

खरी तयारी माणसांची. घरात आजी असेल तर दूध-पोळीचा शेवटचा घास वर्षानुवर्षं त्याचाच असतो, आणि पोळी कुस्करायला घेतली की तो खुर्चीला नाक लावून बसतो. आजींना ‘देऊ नका’ म्हणून काही होत नाही, मी तरी ते यशस्वी झालेलं पाहिलेलं नाही. त्यांच्याजवळ एक डबी ठेवा: त्याच्या ठरलेल्या खाण्यातलेच मोजून काढलेले दाणे. सकाळी दिवसाचं खाणं वजनकाट्यावर मोजताना ही डबी त्यातूनच भरायची.

नवं खाणं दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. तो लाळ गाळतोय, ओठ चाटतोय, वाडग्याकडे येऊन मान फिरवतोय, म्हणजे मळमळतंय; आधी डॉक्टरांकडून मळमळीचं औषध घ्या. मळमळ असताना नवं खाणं पुढे केलं की त्या वासाशीच वैर जडतं आणि भरलेली पिशवी पडून राहते. ओलं खाणं किंचित कोमट केलं की वास सुटतो. तरीही रेनल, म्हणजे किडनीसाठीचं, खाणं अजिबात खात नसेल तर आठवडाभर उपाशी ठेवण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून दुसरं काही द्या. पोटात काहीतरी जाणं आधी.

फॉस्फरस बांधणारं औषध दिलं असेल तर ते जेवणातच मिसळायचं, उपाशीपोटी त्याचा उपयोग नाही. गोळी लपवायला चीज किंवा पेढा नको, त्याच्याच ओल्या खाण्याची गोळी वळा. माशाचं तेल सांगितलं असेल तर तेच आणा, कॉड लिव्हर ऑइल नव्हे. घरातली दुखण्याची गोळी कधीच नाही.

पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी भरून ठेवा आणि ती रात्रीही उचलू नका. लघवी वाढते, मग लोक पाणी तोडतात; ते फार वाईट. दर रविवारी वजन करून कॅलेंडरवर लिहा. दिवसभर काहीच खाल्लं नाही, उलट्या थांबत नाहीत किंवा लघवी कमी झाली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.