लग्नाचे हार, वेणी आणि गजरे: फुले व रंग ठरवण्याची तयारी

फुलवाल्याकडे जाण्याआधी मुहूर्ताची वेळ आणि मुहूर्तावर नेसायच्या साडीचा रंग या दोन गोष्टी लिहून घ्याव्यात, कारण पुढची प्रत्येक निवड त्यांवरच अवलंबून असते. साडीच्या ब्लाउजपीसची एक चिंधीही बरोबर न्यावी; मोबाइलमधल्या छायाचित्रात रेशमाचा रंग खरा दिसत नाही.

त्यानंतर महिना पाहावा. वैशाखातल्या लग्नाला मोगऱ्यासारखे फूल नाही, आणि मुहूर्त गोरज असेल तर फारच उत्तम, कारण मोगऱ्याची कळी संध्याकाळीच उमलते आणि नवरी मांडवात येते तेव्हा गजरा ऐन भरात असतो. सकाळच्या मुहूर्तासाठी घट्ट कळ्यांचाच गजरा सांगावा. आदल्या दिवशीची उमललेली फुले तोवर तपकिरी पडतात. मार्गशीर्षात शेवंती आणि अ‍ॅस्टर विपुल असतात. फेब्रुवारीत लग्न असल्यास गुलाब बरेच आधी ठरवावेत, कारण मावळातल्या पॉलिहाउसमधील डच गुलाब तेव्हा व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी जातात आणि बाजारात भाव चढतो. नातेवाईक सिंधुदुर्गात असतील तर फाल्गुन-चैत्रात सुरंगीचे वळेसर, म्हणजे तिकडचे गजरे, अवश्य मागवावेत. सुकल्यावरही दरवळणारे असे दुसरे फूल मला ठाऊक नाही.

रंगांचा नियम एकच पाळावा: हार साडीवर उठून दिसला पाहिजे. माझ्या भाचीच्या लग्नात लाल शालूवर आम्ही लाल गुलाबांचा हार घेतला, आणि छायाचित्रांत तो हार शोधावा लागतो, याचे मला आजही वाईट वाटते. लाल शालूवर निशिगंधाचा पांढरा हार घेऊन मध्ये मोजकेच गुलाब गुंफावेत. अष्टपुत्रीवर, म्हणजे लग्नविधीच्या पिवळ्या साडीवर, पिवळी शेवंती हरवते, म्हणून तिथे पांढऱ्याबरोबर गडद लाल किंवा राणी रंग घ्यावा. हिरव्या चुड्याशी अबोलीचा केशरी रंग फार सुंदर जुळतो. तिला वास नसला तरी ती बराच वेळ टवटवीत राहते, त्यामुळे वेणीसाठी ती माझी पहिली पसंती आहे.

हाराची लांबी वधूवरांची उंची सांगूनच ठरवावी. वराने फेटा बांधला असेल, तर हाराचा घेर त्यावरून सहज जाईल इतका आहे ना, हे फेटा प्रत्यक्ष घालूनच पाहावे. पाकळ्यांचे भरगच्च हार दिसायला छान असतात, पण ते जड होतात आणि विधी चालू असताना मानेला त्रास देतात. स्वागत समारंभाच्या गुच्छात लिली असेल तर तिचे परागकोश आधीच काढून टाकायला सांगावेत, कारण त्यांचे डाग रेशमावरून निघत नाहीत.

हार मुहूर्ताच्या 2 ते 3 तास आधी कार्यालयात पोहोचतील असे ठरवावे, ओल्या सुती कापडात गुंडाळून सावलीत ठेवावेत आणि गळ्यात घालण्यापूर्वी पाणी झटकावे. ते सांभाळण्याचे काम एकाच करवलीकडे द्यावे, आणि तिच्या पिशवीत सुई, जाड पांढरा दोरा व कात्री असावी, म्हणजे अंतरपाट धरलेला असताना एखादा पदर सुटला तरी तो तिथेच ओवून घेता येईल.