एलएसडी बसवताय? बॅकलॅश मोजाच

मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या सेडानला लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एलएसडी, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्यालाही जोर पोचवणारा मागचा गिअर-संच) बसवायचं असेल, तर आधी अ‍ॅक्सलच्या स्प्लाइन (टोकावरच्या खाचा) मोजा आणि क्राउन व्हीलच्या, म्हणजे डिफरन्शियलवरच्या मोठ्या दातेरी चाकाच्या, बोल्टची मापं जुळवा. खरी मेख बॅकलॅशमध्ये, म्हणजे क्राउन आणि त्याला फिरवणाऱ्या पिनियन गिअरच्या दातांमधल्या मोकळीकीत आहे. क्राउन नव्या डिफरन्शियलच्या केसवर (कवचावर) चढला की जुन्या शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) तशाच चालतील असं धरू नका. डायल गेज (बारीक अंतर मोजणारं घड्याळी माप) लावा, मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा, दातांना मार्किंग ब्लू (खुणेचा निळा रंग) फासून दातांचा ठसा मध्यावर येतोय का पाहा. सोलापुरात एमआयडीसीतल्या एखाद्या मशीन शॉपवाल्याला विचारा. ‘आवाज आला तर बघू’ म्हणणाऱ्या मिस्त्रीच्या हाती हे काम नको.

पावसात काळ्या मातीच्या वाटेने शेतावर जायचं असेल, तर घर्षणाच्या चकत्यांवर चालणारा क्लच-प्लेटवाला एलएसडीच घ्या. हेलिकल (तिरप्या दातांच्या) गिअरवाला एलएसडी एक चाक पूर्ण हवेत गेलं की जवळपास साध्या डिफरन्शियलसारखाच वागतो. प्लेटवाल्याला जीएल-५ दर्जाच्या गिअर ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटचं घर्षण सौम्य करणारं मिश्रण) हवा, नाहीतर वळणावर मागून थरथर येते. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले ठेवा.

आणि एकच चाक जॅकवर असताना गाडी गिअरमध्ये टाकू नका, जमिनीवरचं चाक तिला जॅकवरून खाली ढकलेल.