सिलिंडर बनवायला टाकण्याआधी

लोणचं, चिवडा, मसाले विकणाऱ्या छोट्या उद्योजकांसाठी, रिकामं पॅकिंग कचऱ्यात न जाता रिसायकल व्हावं म्हणून करायची ही तयारी लिहिते आहे. नव्या पाऊचचं डिझाइन आलं की आपण रंग बघतो, नाव ठळक दिसतंय का बघतो आणि छपाईच्या सिलिंडरला होकार देऊन टाकतो. सिलिंडर म्हणजे डिझाइन कोरलेला छपाईचा रोलर, रंगागणिक एक; खर्च एकदा अंगावर पडला की चूक कळूनही कोणी बदलत नाही. म्हणून पुढचं सगळं त्याआधी उरकायचं.

सुरुवातीलाच पॅकिंगवाल्याकडून थरांची माहिती लेखी घ्या: कोणतं प्लास्टिक, किती मायक्रॉन जाडीचं. ‘लॅमिनेट आहे’ या उत्तरावर थांबू नका. चिवड्याचं चकचकीत पाऊच बऱ्याचदा बाहेरून पेट (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक), मध्ये मेटलाइज्ड म्हणजे धातूचा मुलामा दिलेला थर आणि आतून पॉलिथिन असं असतं. चिकटवलेले हे थर सुटे होत नाहीत, म्हणून भंगारात त्याला भाव नाही. ते सिमेंटच्या भट्टीत जळतं नाहीतर कचरा डेपोवर पडून राहतं. त्याऐवजी सगळे थर पॉलिथिनचे, किंवा सगळे पॉलिप्रॉपिलीनचे (पीपीचे) असलेलं पाऊच मागा, झिपसुद्धा त्याच प्लास्टिकची. मात्र नमुन्याच्या पाऊचमध्ये माल भरून तो पूर्ण मुदतभर ठेवून बघा, शक्यतो पावसाळ्यात. चिवडा खवट झाला तर पोहे, शेंगदाणे, तेल, गॅस सगळं वाया, आणि ती नासाडी एका पातळ पाऊचपेक्षा कितीतरी मोठी. इथे घाई नको.

बरणीत मी स्वतः चुकले आहे. पहिल्या लोणच्याच्या बरणीला गळ्यापासून बुडापर्यंत छापील श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारं प्लास्टिकचं आवरण, चढवली होती. कचरा वर्गीकरण करणाऱ्या एका ताईंनी ती बरणी हातात फिरवली, स्लीव्हला नख लावून पाहिलं, सुटेना, तशी बाजूला टाकली. आत चांगलं पारदर्शक पेट होतं. तेव्हापासून मी बादलीची चाचणी करते. बरणी, झाकण आणि लेबल यांचे नखाएवढे तुकडे पाण्यात टाकायचे, बोटाने दाबून बुडवायचे आणि सोडायचे. पीपीचं झाकण वर येतं, पेट तळाशी बसतं. रिसायकलिंगच्या कारखान्यातही धुतलेला चुरा असाच वेगळा करतात. पीव्हीसीची स्लीव्ह मात्र पेटबरोबर बुडते. मग पेट वितळवताना तिच्यातून आम्ल सुटतं आणि अख्खा घाणा पिवळा पडतो. तेव्हा लेबल पॉलिथिनचं किंवा पीपीचं, तरंगणारं, बरणीचा थोडाच भाग झाकणारं आणि गरम धुण्यात सुटेल अशा गोंदाचं घ्या. कागदी लेबलाचा पाण्यात लगदा होतो.

बरणी पारदर्शकच ठेवा. रंगीत पेटपासून पुन्हा रंगीतच काहीतरी होतं, म्हणून त्याला गिऱ्हाईक कमी. स्प्राइटने २०२२ मध्ये अमेरिकेत हिरवी बाटली सोडून पारदर्शक घेतली, ती त्यासाठीच. कार्बन ब्लॅक (काजळीसारखा काळा रंग) घातलेलं काळं प्लास्टिक तर वर्गीकरणाच्या इन्फ्रारेड यंत्रांना ओळखताच येत नाही.

‘आपोआप विरघळतं’ म्हणून कोणी प्लास्टिक गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. ते नेहमीच्या प्लास्टिकमध्ये मिसळलं की पुढचा माल कमजोर होतो. दहा-वीस ग्रॅमच्या पुड्यांचाही फेरविचार करा. वेचणाऱ्या बाईला वजनावर पैसे मिळतात आणि एक किलो भरायला अशा शेकडो रिकाम्या पुड्या वाकून उचलाव्या लागतात. बरणीच्या बुडावर त्रिकोणातला आकडा उठून दिसू द्या, पेटला १, पीपीला ५. नियमाप्रमाणे लागणारी उत्पादकाची माहिती आणि नोंदणी क्रमांक यांना डिझाइनमध्ये आधीच जागा ठेवा.

शेवटी रिकामं पाऊच आणि रिकामी बरणी घेऊन जवळच्या भंगारवाल्या दादांकडे जा आणि किलोला काय द्याल ते विचारा. नको म्हणाले तर का नको, तेही नीट ऐकून घ्या. सिलिंडर अजून बनलेले नाहीत.