बॅकअप सेव्ह होतोय पण उघडत नाही: माझा अनुभव

सांगलीत मामांचं हळदीचं अडत दुकान आहे, त्यांच्या हिशोबाची जेसन फाईल (साध्या मजकुरात डेटा ठेवायचा फॉरमॅट) रोज रात्री एईएस-२५६ या पद्धतीनं एन्क्रिप्ट करून, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करून ठेवणारं छोटं बॅकअप सॉफ्टवेअर मी नोडमध्ये (जावास्क्रिप्ट चालवणारं Node.js) लिहिलेलं, सेव्ह मस्त व्हायचं पण लोड करताना दरवेळी ऑथेंटिकेशन फेल, म्हणजे पासवर्ड चुकला किंवा डेटा बदललाय. दोन दिवस पासवर्डलाच शिव्या घातल्या. मग फाईल हेक्समध्ये, म्हणजे एकेक बाइट दिसेल अशी उघडली तर जिकडं तिकडं ईएफ बीएफ बीडी, म्हणजे एन्क्रिप्ट झालेले बाइट मी थेट यूटीएफ-८ स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) करून जेसनमध्ये कोंबत होतो आणि न बसणाऱ्या बाइटच्या जागी ते प्रश्नचिन्हवालं अक्षर (त्याचेच बाइट ईएफ बीएफ बीडी) येत होतं, मूळ डेटा गेला तो गेलाच. आता सायफरटेक्स्ट (एन्क्रिप्ट झालेला डेटा) आणि तो उघडायला लागणारे सॉल्ट, आयव्ही, टॅग हे बाइट, सगळं बेस६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून ठेवतो, त्यानं साइज एक तृतीयांश वाढते, वाढू दे. जुने बॅकअप कचऱ्यात, नशीब मामांकडं मूळ फाईल होती.