द्राक्षाचा माल सुरू होण्याआधी: दोन डेटाबेस, एक सेशन

जानेवारीत माल सुरू झाला की पॅकहाउसच्या सॉफ्टवेअरला कुणी हात लावू देत नाही, म्हणून ही कामं डिसेंबरातच उरका. मांडणी अशी धरली आहे: वजनाच्या पावत्या पोस्टग्रेसमध्ये, बागायतदारांची जुनी खाती मायएसक्यूएलमध्ये, काट्याजवळच्या लॅपटॉपवर एसक्यूलाइट, आणि कोड पायथनमध्ये, एसक्यूएलअल्केमीवर (पायथनमधून डेटाबेसशी बोलायची लायब्ररी).

आधी कोणतं टेबल कोणत्या इंजिनावर (म्हणजे एका डेटाबेसची कनेक्शनं सांभाळणाऱ्या भागावर), हे कोडात एकाच ठिकाणी लिहा. प्रत्येक डेटाबेसच्या मॉडेलांना (टेबलांचे पायथन क्लास) वेगळा बेस क्लास द्या आणि सेशनच्या (वाचण्या-लिहिण्याचं एक काम सांभाळणारा ऑब्जेक्ट) बाइंड्समध्ये, म्हणजे जोडण्यांच्या यादीत, त्या बेसला त्याचं इंजिन जोडा. डीफॉल्ट इंजिन मात्र देऊ नका. हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमधलं टेबल सेशनला ओळखता येत नाही. डीफॉल्ट असेल तर ती क्वेरी गुपचूप तिकडे जाते, नसेल तर जागच्या जागी एरर येते. एरर आलेली बरी. पावत्या आणि खाती यांचा जॉइन कुठे उरला असेल तर मोडून दोन क्वेऱ्या करा.

मग कनेक्शनचा हिशोब, तोही कागदावर. पूल (उघडी ठेवलेली कनेक्शनं) मुळात 5 चा, वर जास्तीची 10, म्हणजे एका प्रोसेसमागे एका इंजिनाला 15. वर्कर (अ‍ॅपच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेस) 8 असतील तर 120 झाली. पोस्टग्रेस न सांगता 100 देतं, त्यातलीही 3 सुपरयूजरसाठी राखीव, मायएसक्यूएल 151. डिसेंबरात हे जाणवत नाही, दिंडोरी आणि पिंपळगावच्या गाड्या संध्याकाळी एकदम लागल्या की जाणवतं. इंजिन वर्कर फोर्क होण्याआधी (मूळ प्रोसेसची नक्कल होऊन निघण्याआधी) तयार होत असेल तर प्रत्येक वर्करमध्ये ते डिस्पोज करा (क्लोज फॉल्स ठेवून), नाहीतर दोन वर्कर एकाच कनेक्शनवर बोलू लागतात.

मायएसक्यूएल रिकामं कनेक्शन 28800 सेकंदांनी, म्हणजे 8 तासांनी तोडतं. हिशोबाचं ऑफिस संध्याकाळी 7 ला बंद होऊन सकाळी 9 ला उघडत असेल तर पहिलंच बिल अडकणार. प्री-पिंग (वापरण्याआधी कनेक्शन जिवंत आहे का पाहणं) चालू करा, रीसायकल (किती सेकंदांनी कनेक्शन नवं घ्यायचं) 3600 ठेवा. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन की (दोन टेबलांतला दुवा तुटू न देणारी तपासणी) प्रत्येक कनेक्शनला नव्याने चालू करावी लागते. ती चालू करणारी आज्ञा, म्हणजे प्राग्मा, कनेक्शन उघडताना चालणाऱ्या कनेक्ट इव्हेंटमध्येच टाका.

आता कमिट, म्हणजे लिहिलेलं पक्कं करणं, आणि खरी मेख इथेच आहे. सेशन एक दिसतं, पण त्याच्या पोटात दोन ट्रान्झॅक्शन असतात आणि कमिट एकामागून एक होतात. पावती पोस्टग्रेसमध्ये पक्की झाली, तेवढ्यात मायएसक्यूएल पडलं, तर 340 क्रेट आले पण बागायतदाराच्या खात्यात काहीच नाही. रोलबॅकला, म्हणजे लिहिलेलं मागे घ्यायला, तेव्हा उशीर झालेला असतो. टू-फेज कमिटचा (आधी सगळे डेटाबेस तयार, मगच पक्कं) पर्याय आहे, पण त्यासाठी पोस्टग्रेसमधली प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शनची मर्यादा मुळातल्या 0 वरून वाढवावी लागते, एसक्यूलाइट त्यात येतच नाही, आणि मधेच वीज गेली तर अर्धवट ट्रान्झॅक्शन लॉक धरून बसून राहतात. ते रोज शोधून निपटणारा माणूस असेल तरच त्या वाटेला जा. माझं मत सरळ आहे: पावती आणि ‘खात्यात टाकायचं बाकी’ अशी एक ओळ पोस्टग्रेसमध्ये एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. वेगळा वर्कर ती ओळ उचलून मायएसक्यूएलमध्ये नोंद करील. तिथे पावती नंबरावर युनिक की हवीच, म्हणजे ओळ दोनदा उचलली गेली तरी रक्कम दोनदा पडत नाही.

वाचताना एक फरक ध्यानात ठेवा. मायएसक्यूएलचं इनोडीबी (टेबलं साठवणारा भाग) रिपीटेबल रीडवर चालतं, म्हणजे एका ट्रान्झॅक्शनमध्ये पहिल्यांदा वाचलेलंच चित्र दिसतं; पोस्टग्रेस रीड कमिटेडवर, म्हणजे प्रत्येक क्वेरीला ताजं पक्कं झालेलं दिसतं. त्यामुळे सेशन दिवसभर उघडं ठेवलं तर मायएसक्यूएलकडून जुनीच शिल्लक दिसत राहते. एका रिक्वेस्टला एक सेशन, काम झालं की बंद.

शेवटी रंगीत तालीम. खोटी पावती काढा, मधेच मायएसक्यूएलची सर्व्हिस बंद करा, बाकी ओळी साठतात का पाहा, मग चालू करून खात्यात रक्कम एकदाच पडली का ते तपासा. हे पॅकहाउसच्या हिशोबनीसाला शेजारी बसवून करा, कारण मार्चमध्ये बागायतदार पावती घेऊन त्याच्याच टेबलासमोर उभे राहणार आहेत.